भांडं उलटं धरा: जुनी अमेरिकन पॉटरी ओळखायची, घ्यायची आणि सांभाळायची कशी

अमेरिकेतल्या एस्टेट सेलमध्ये, म्हणजे घरातलं सगळं सामान विकायला काढतात तिथे, किंवा फ्ली मार्केटात, म्हणजे जुन्या बाजारात, टेबलभर रंगीत फुलदाण्या, कुंड्या, बरण्या मांडलेल्या असतात. नवखा माणूस समोरून फुलं आणि रंग बघतो. मुरलेला माणूस भांडं उचलतो, उलटं करतो आणि बूड बघतो. एवढं बहुतेकांना लवकर कळतं. उशिरा कळतं ते हे, की बुडावरही कंपनीचा शिक्का सगळ्यात शेवटी वाचायचा. आधी माती, मग झिलई (मातीवरचा काचेसारखा थर), मग साच्याची धार, मग माप. आणि हे सगळं जुळलं तरच शिक्का. नकली माल काढणाऱ्याला शिक्का उठवणं सगळ्यात सोपं असतं. मातीचा रंग आणि कडांची धार त्याला सहसा साधत नाही.

आधी कुंपण घाला

'जुनी अमेरिकन पॉटरी' म्हणजे अथांग पसारा. ढोबळ दोन भाग पाडले तर बरं पडतं. एक कलाकारांनी हाताने सजवलेला माल: सिनसिनाटीची रुकवुड, न्यू ऑर्लिन्सची न्यूकम, बॉस्टनची ग्रूबी. दुसरा साच्यातून हजारोंनी काढलेला घरगुती माल: रोझव्हिल, मॅकॉय, हल, फिएस्टा. पहिल्यात एकेक नग वेगळा आणि महाग. दुसऱ्यात तोच आकार पुन्हा पुन्हा भेटतो, त्यामुळे तुलना करून शिकता येतं. सुरुवात दुसऱ्या भागातून करावी.

यातला बराच माल ओहायो राज्याच्या एका पट्ट्यातून आला: झेन्सव्हिल, रोझव्हिल, क्रुक्सव्हिल ही गावं एकमेकांच्या जवळ आहेत. चांगली माती आणि भट्टीसाठी नैसर्गिक वायू जवळच मिळाल्याने कारखाने तिथे दाटीने उभे राहिले. एक कंपनी, त्यातलाही एक नमुना किंवा एक रंग, असं कुंपण घालून घ्या. पहिले दोन-तीन महिने काही विकत न घेता निदान पन्नास नग हातात घेऊन बघा. वजनाचा आणि कडांचा अंदाज फोटोवरून कधीच येत नाही.

पिशवीत काय हवं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, छोटी पण प्रखर टॉर्च, इंचांची शिंप्याची टेप, ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च, आणि गुंडाळायला दोन जुने टॉवेल. वर्तमानपत्र नको. त्याची शाई मॅट, म्हणजे बिनचकाकीच्या, झिलईत उतरते आणि निघता निघत नाही.

उचलण्याची रीत

कपाचा कान किंवा फुलदाणीची मूठ धरून भांडं कधी उचलू नका. जुनी दुरुस्ती नेमकी तिथेच असते आणि ती हातात येते. झाकण असेल तर आधी झाकण काढून बाजूला ठेवा. मग एक हात बुडाखाली, दुसरा पोटाला. अंगठ्या-बांगड्या काढलेल्या बऱ्या. भांडं टेबलावरच, टॉवेलवर, आडवं करून बघा. हवेत उलटं धरायचा उत्साह महागात पडतो.

आता बुडाच्या कडेवर जिथे झिलई नाही तिथली माती बघा. पांढरी, पिवळसर, तांबूस की करडी? ओक्लाहोमाच्या फ्रँकोमा पॉटरीत तर फक्त यावरून काळ ठरतो. आधीची भांडी एडा गावच्या फिकट, मलईसारख्या मातीची. १९५४-५५ च्या सुमारास कंपनीने सपुल्पाची विटेसारखी लाल माती घेतली. त्यामुळे त्या काळाआधीचं म्हणून दाखवलेलं भांडं बुडाशी लाल निघालं, तर पुढचं काही ऐकायची गरज नाही.

रुकवुडचं बूड: एक धडा

वाचायला शिकण्यासाठी रुकवुडइतकं चांगलं बूड दुसरं नाही. मारिया लाँगवर्थ निकल्स यांनी १८८० साली सिनसिनाटीत ही पॉटरी सुरू केली. १८८६ पासून बुडावर उलटा 'आर' आणि त्याला चिकटलेला 'पी' अशी जोडखूण दाबलेली असते. १८८७ पासून दरवर्षी तिच्याभोवती एकेक ज्योत वाढत गेली. १९०० साली चौदा ज्योती झाल्या. पुढे जागा उरली नाही, म्हणून १९०१ पासून चौदा ज्योतींच्या खाली रोमन अंक आले: एक म्हणजे १९०१, एकवीस म्हणजे १९२१. ज्योती मोजताना भिंग घ्या आणि दोनदा मोजा. झिलई साचून एखादी ज्योत बुजलेली असते, आणि तेवढ्याने साल एका वर्षाने चुकतं.

ज्योतींखाली आकाराचा क्रमांक. त्याच्या शेजारी 'ए' ते 'एफ' पैकी एखादं अक्षर असेल तर ते मापाचं: 'ए' सगळ्यात मोठं, 'एफ' सगळ्यात लहान. समजा बुडावर चौदा ज्योती, रोमन एकवीस, क्रमांक ९०७ आणि 'डी' आहे. म्हणजे १९२१ चा, ९०७ या आकारातला, मधल्या मापाचा नग. आता कलाकाराची खूण शोधा. ती साच्यातली नसते, बहुधा ओल्या मातीत टोकदार हत्याराने कोरलेली असते आणि कधी बुडाऐवजी पोटावर, चित्राच्या खालच्या बाजूला सापडते. जपानहून आलेले कातारो शिरायामादानी १८८७ पासून रुकवुडमध्ये काम करत. त्यांची सही जपानी लिपीत असते. नवख्यांना ती ओरखडे वाटते.

कलाकाराची खूण नसेल तर तो साच्यातून काढलेला, एकाच रंगाचा कारखानी माल असण्याची शक्यता मोठी, आणि किंमत त्याच हिशेबाने द्यायची. आणखी एक गोष्ट शोधा: धार लावायच्या चाकाने घासून उमटवलेली फुली. ती कारखान्यानेच 'दुय्यम माल' म्हणून मारलेली असते. झिलईत फोड, रंगात डाग, असं काहीतरी कारण. फुली असली म्हणून टाकून देऊ नका. विक्रेत्याने फुलीचं नाव न काढता पूर्ण भाव सांगितला तर मात्र सावध व्हा.

रोझव्हिल आणि नकला

रोझव्हिल पॉटरी १८९० साली रोझव्हिल गावात सुरू झाली, नंतर कारभार झेन्सव्हिलला गेला, १९५४ मध्ये बंद पडली. पाइन कोन, मॅग्नोलिया, फ्रीझिया, स्नोबेरी ही तिच्या नमुन्यांची नावं तुम्हाला सगळीकडे भेटतील. नकलाही याच कंपनीच्या सगळ्यात जास्त. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून चीनमध्ये बनलेल्या नकला अमेरिकेच्या बाजारात भरपूर आल्या.

शिक्क्यांचा क्रम असा लक्षात ठेवा. १९२० च्या दशकातल्या पुष्कळ भांड्यांना मातीत शिक्का नाहीच. कागदी किंवा चंदेरी लेबल असे आणि ते आता गळून गेलेलं असतं. बुडावर कधी लाल किंवा निळ्या खडूने हाताने लिहिलेला आकडा दिसतो. तो धुऊन टाकू नका, तो पुरावा आहे. १९३० च्या दशकात नाव मातीत खोलगट दाबलेलं. त्यानंतर शेवटपर्यंत उठावाचं 'रोझव्हिल', खाली 'यू.एस.ए.' आणि आकडे. ९२-८ याचा अर्थ ९२ क्रमांकाचा आकार, ८ इंच माप.

जुन्या नकलांवर उठावाचं 'रोझव्हिल' असे, पण खाली 'यू.एस.ए.' नसे. यावरून लोकांनी नियमच केला: 'यू.एस.ए.' नाही म्हणजे खोटं. तो नियम दोन्हीकडून फसतो. तिसाच्या दशकातल्या खऱ्या, खोलगट शिक्क्यांतही 'यू.एस.ए.' नसतं, आणि नंतरच्या नकलांमध्ये ते आलंही. म्हणून शिक्का बाजूला ठेवा आणि पुढच्या चार गोष्टी बघा.

माप: बुडावरच्या आकड्यावर टेप लावा. पाव इंचाचा फरक ठीक. खऱ्या भांड्यावरून साचा काढून नक्कल बनवली, की माती वाळताना आणि भाजताना आक्रसते आणि नक्कल दहाएक टक्क्यांनी लहान निघते. आठ इंचांचं भांडं सव्वासात भरलं तर परत ठेवा.

धार: खऱ्या मॅग्नोलियाच्या पाकळीची कड बोटाला लागते, डहाळीवरच्या रेषा मोजता येतात. नकलेत पाकळी साबणाच्या वडीसारखी, वापरून गुळगुळीत झाल्यासारखी वाटते.

रंग: खऱ्यात फुलाचा रंग फुलाच्या उठावातच थांबतो, आणि मागची जमीन एका रंगातून दुसऱ्यात हळूच मिसळते. नकलेत रंग कडेबाहेर सांडलेला किंवा अंगावर येणारा.

माती: खऱ्या रोझव्हिलच्या बुडाची माती पिवळसर बिस्किटी. खडूसारखी पांढरीशुभ्र दिसली तर शंका घ्या.

यातली एकच गोष्ट चुकली तर विचार करा, दोन चुकल्या तर चालू लागा.

मॅकॉय, हल आणि कुकी जार

मॅकॉय कंपनी १९१० मध्ये रोझव्हिल गावात सुरू झाली आणि १९९० मध्ये बंद पडली. त्यानंतर दुसऱ्याच लोकांनी 'मॅकॉय' नावाचा शिक्का मारून नवी भांडी काढली. तिथे शिक्क्याला काडीचीही किंमत नाही. वरचा टेपचा उपाय इथेही तितकाच लागू.

हलचं काम सोपं. क्रुक्सव्हिलमधला हा कारखाना जून १९५० मध्ये पुरात सापडला. पाणी तापलेल्या भट्टीपर्यंत पोचलं, स्फोट झाला, आग लागली आणि सगळं गेलं. १९५२ मध्ये कारखाना पुन्हा सुरू झाला, पण जुनी मॅट झिलई काही पूर्वीसारखी साधली नाही. त्यामुळे फिकट गुलाबी-निळ्या मॅट फुलदाण्या साधारण आगीच्या आधीच्या, चकचकीत त्या नंतरच्या. कारखान्याचा इतिहास असा थेट बोटाला लागतो, हे या छंदातलं खरं सुख.

कुकी जार, म्हणजे बिस्किटांची बरणी, घेताना एक मेख आहे. पुष्कळ बरण्यांवर लाल ओठ, काळे डोळे, सोनेरी बटणं झिलईच्या वर, न भाजता, नुसत्या रंगाने काढलेली असत. हा रंग साबण-पाण्याने सहज निघतो. म्हणून अर्धवट पुसलेला रंग जुनेपणाची साक्ष असू शकतो, आणि अगदी टवटवीत रंग परवा मारलेला. अशी बरणी धुवायची नाही, कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढायची, बस्स.

फिएस्टा: ताटवाट्यांचा वेगळा हिशेब

वेस्ट व्हर्जिनियातल्या न्यूवेल गावच्या होमर लॉफ्लिन कंपनीने १९३६ मध्ये फिएस्टा बाजारात आणलं. रचना फ्रेडरिक हर्टन ऱ्हीड यांची. आधी पाच रंग: लाल, गडद निळा, फिकट हिरवा, पिवळा, हस्तिदंती. १९३७ मध्ये फिरोजी आला. १९५१ मध्ये गुलाबी, करडा, गडद हिरवा आणि पोपटीकडे झुकणारा पिवळा. १९५९ ते १९६९ या काळातला 'मीडियम ग्रीन' सगळ्यात कमी सापडतो, म्हणून सगळ्यात महाग. दुकानाच्या पिवळ्या दिव्याखाली तो फिकट हिरव्यासारखा दिसतो आणि उलटही होतं. दारात, उन्हात नेऊन बघितल्याशिवाय या रंगाचे पैसे मोजू नका.

१९८६ पासून कंपनीने हीच भांडी शिशाविना, नव्या मातीत पुन्हा काढली. ती खोटी नाहीत, पण जुनीही नाहीत. फरक बुडावर: नव्या वाट्या-कपांची बुडाची कडा झिलईविना कोरडी असते. बहुतेक जुन्या नगांचं बूड झिलईने झाकलेलं, आणि भट्टीत ज्या खिळ्यांवर ते टेकलं त्यांचे टिंबाएवढे तीन खरबरीत डाग असतात. ते टवके नव्हेत.

जुन्या लाल फिएस्टाच्या झिलईत युरेनियम आहे. म्हणूनच १९४३ मध्ये, सरकारने युरेनियम ताब्यात घेतल्यावर, तो रंग बंद झाला आणि १९५९ मध्ये परतला. कपाटात ठेवायला हरकत नाही, जेवायला नको. बाकी रंगांच्याही, आणि एकूणच जुन्या चकचकीत झिलईत शिसं असण्याची शक्यता धरूनच चाला. आंबट पदार्थ शिसं ओढून घेतात. लोणचं, चिंचेची आमटी, दही, लिंबाचं सरबत यांपैकी काहीही या भांड्यांत ठेवू नका. 'एकदाच, पाहुण्यांपुरतं' हेही नको.

जाळी, भेग, टवका आणि लपवलेली दुरुस्ती

झिलईतली बारीक जाळी आणि मातीतली भेग यांत गल्लत करणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. जाळी पडते कारण भट्टीतून थंड होताना झिलई मातीपेक्षा जास्त आक्रसलेली असते. पुढे वर्षानुवर्षं माती हवेतला ओलावा पिऊन किंचित फुगते आणि ताणलेली झिलई तडकते. जाळीच्या रेषा एकमेकींना मिळून छोटी घरं बनवतात. भेग मात्र बहुधा काठापासून निघते, एकटीच खाली उतरते, आणि आतून-बाहेरून त्याच जागी दिसते.

खात्री करायची तर भांडं तळहातावर मोकळं तोलून नखाने हलकी टिचकी मारा. सलग भांडं थोडं तरी घुमतं. भेग असेल तर 'टक' असा मेलेला आवाज येतो. मातीचं मऊ भांडं फार घुमत नाही, म्हणून तिथेच ठेवलेल्या दुसऱ्या सलग भांड्याशी ताडून बघा. मग टॉर्च आत सोडा आणि काठ सावकाश फिरवा. साठपैकी पंचावन्न भेगा इथेच पकडल्या जातात, असं म्हणायचा मोह होतो. आकडा सोडा, पण टॉर्चशिवाय पैसे देऊ नका.

काठावरून बोटाचं पेर फिरवा. डोळ्याला न दिसलेला टवका पेराला कळतो. टवक्यावर झिलई असेल तर तो भट्टीत जाण्याआधीचा, कारखान्यातला दोष. माती उघडी असेल तर नंतरचा.

लपवलेल्या दुरुस्तीसाठी अंधाऱ्या कोपऱ्यात अतिनील टॉर्च मारा. भरलेली जागा पुष्कळदा दुधी किंवा पिवळसर उजळते, आजूबाजूची झिलई तशी उजळत नाही. कसबी माणूस न उजळणारं साहित्य वापरतो, तेव्हा स्पर्शावर या: झिलई गालाला गार लागते, राळेची दुरुस्ती कोमट आणि किंचित चिकट. कान, तोटी, काठ, बुडाची कडा या जागा आधी. अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवला की रंग सुटतो हे खरं, पण विकत घेण्याआधी मालकाला विचारल्याशिवाय ते करणं म्हणजे त्याचं भांडं खराब करणं.

भाव

विक्रेत्याने मागितलेला भाव म्हणजे भाव नव्हे. ऑनलाइन लिलावांत 'विकल्या गेलेल्या' वस्तूंची गाळणी लावा, त्याच आकड्याचा, त्याच रंगाचा नग गेल्या काही महिन्यांत कितीला गेला ते बघा. चाळिसाच्या दशकातली नेहमीची रोझव्हिल इंटरनेटमुळे घराघरांतून बाहेर आली आणि स्वस्त झाली. जुन्या पुस्तकांतले दर डोक्यात ठेवून खरेदी करू नका. कारखानी मालात भेग किंवा टवका असेल तर निम्म्याहून कमी द्या, किंवा घेऊच नका. तसाच दुसरा, सलग नग नक्की भेटेल. हाताने रंगवलेल्या, सही असलेल्या नगात मात्र काठाचा छोटा टवका सोसावा लागतो.

लिलावगृहात पुकारलेल्या बोलीवर खरेदीदाराचं शुल्क चढतं, पुष्कळ ठिकाणी पाव हिस्सा किंवा जास्तही. बोली १०० डॉलर, शुल्क २५, टपाल ३०, वर विक्रीकर: बोली लावण्याआधी ही बेरीज कागदावर करा. एस्टेट सेलला पहिल्या दिवशी सकाळी चांगला माल जातो, शेवटच्या दिवशी बऱ्याचदा निम्मा भाव असतो. मोठे, जड, न्यायला अवघड नग तोपर्यंत उरतात. मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रिमफील्डचा बाजार वर्षातून तीनदा, मे, जुलै आणि सप्टेंबरमध्ये भरतो. हात बसवायला याहून मोठी शाळा नाही.

धुणं आणि डाग काढणं

सिंकमध्ये आधी टॉवेल अंथरा, नळाची चोच बाजूला फिरवा. कोमट पाणी, दोन थेंब भांड्यांचा साबण, मऊ ब्रश. डिशवॉशर कधीच नाही. फुलदाणीच्या आत पाण्याचा पांढरा थर असेल तर कवळी स्वच्छ करायची गोळी कोमट पाण्यात टाकून रात्रभर ठेवा.

जाळीत चहा-तेलाचे तपकिरी डाग उतरले असतील तर भांडं आधी एक दिवस साध्या पाण्यात बुडवा. कोरडी माती डाग काढायचं द्रावण थेट ओढून घेते आणि डाग आत ढकलते. मग हातमोजे घालून प्लॅस्टिकच्या डब्यात १२ टक्क्यांचं, म्हणजे केशकर्तनालयाला माल पुरवणाऱ्या दुकानात '४० व्हॉल्यूम' म्हणून मिळणारं, हायड्रोजन पेरॉक्साइड घ्या आणि भांडं त्यात ठेवा. झाकण सैल ठेवा, आत वायू साठतो. दोन दिवसांनी बघा. हट्टी डागाला आठवडा लागतो. नंतर साध्या पाण्यात दोन-तीन दिवस, रोज पाणी बदलून, आणि मग आठवडाभर सावलीत वाळवा. दुरुस्ती केलेलं, सोनेरी काम असलेलं किंवा न भाजलेल्या रंगाचं भांडं यात घालू नका. कपड्यांचं क्लोरीन ब्लीच तर मुळीच नको. त्याचे क्षार मातीत राहतात, वाळताना स्फटिक बनून फुगतात आणि काही महिन्यांनी झिलई पापुद्र्यासारखी उडते. डाग गेला म्हणून खूश झालेल्या माणसाला कारण कळतही नाही.

मांडणं आणि पाठवणं

जाळी पडलेल्या फुलदाणीत थेट पाणी भरू नका, पाझरतं आणि खालच्या लाकडावर कडं उमटतं. आत काचेचा ग्लास ठेवून फुलं त्यात ठेवा. ताटांच्या चवडीत मध्ये कागदी प्लेट घाला. कॅलिफोर्नियासारख्या भूकंपाच्या मुलखात राहत असाल तर बुडाखाली संग्रहालयात वापरतात त्या मेणाचे तीन ठिपके लावा. प्रत्येक नगाची वहीत नोंद करा: तारीख, जागा, दिलेली रक्कम, इंचांतलं माप, बुडाचा फोटो, दोष.

टपालाने पाठवायचं तर दोन खोकी. आतल्या खोक्यात फुगेवाल्या प्लॅस्टिकचे तीन-चार वेढे दिलेलं भांडं. बाहेरच्या खोक्यात सगळ्या बाजूंनी निदान दोन इंच भराव. भांड्याच्या पोटात हलका कागद भरा, ठासून नको. बाहेरून दाब आला की ठासलेलं भांडं आतून फुटतं. खोकं हलवून बघा, काही सरकलं तर पुन्हा उघडा. पुण्या-मुंबईला न्यायचं असेल तर सामानाच्या बॅगेत टाकू नका, केबिनच्या पिशवीत घ्या. आणि झाकण भांड्यावर ठेवून कधी बांधू नका. वेगळं गुंडाळा, वेगळ्या कप्प्यात ठेवा. बाजारात बिनझाकणाच्या इतक्या कुकी जार दिसतात, त्या अशाच उरलेल्या असतात.